संगणकजाळ्यांतील चोरदिंड्या

धुळ्याहून मालेगांवच्या वाटेला लागलें म्हणजे थोड्याच अंतरावर लळिंगचा किल्ला दृष्टीस पडतो. फारुकी राजांनीं खानदेशावर राज्य केलें, त्या काळांतील हें एक महत्त्वाचें ठाणें. जुन्या किल्ल्यांच्या रचनेंत एक गोष्ट बहुधा आढळते. महाद्वार भव्य असतें, त्यावर पहारा असतो, त्याच्या फळ्यांस अणकुचीदार खिळे ठोकलेले असतात. परंतु तटाच्या एखाद्या आडबाजूला, झाडाझुडपांत लपलेली अशी एक लहानशी चोरदिंडी असते. अडचणीच्या वेळीं आंतल्या माणसांस बाहेर पडतां यावें किंवा बाहेरून रसद यावी, एवढाच तिचा हेतु. चोरदिंडी असणें हा गडाचा दोष नव्हे. दोष तेव्हां उत्पन्न होतो, जेव्हां ती आहे हें किल्लेदार विसरतो आणि शत्रूला तें ठाऊक असतें.

आजच्या सुशिक्षित गृहस्थाच्या घरांत, दुकानांत आणि कारखान्यांत अशाच दिंड्या निर्माण झाल्या आहेत. त्या दगडांत नसून संगणकाच्या जाळ्यांत आहेत. दूर बसून संगणक चालविण्याच्या ज्या सोयी असतात, त्यांस दूरप्रवेशाच्या सोयी म्हणतां येईल. आपल्या जाळ्यांत अशा सोयी किती व कोठें आहेत, हें शोधून काढणें हा संरक्षणाचा पहिला धडा होय.

एक उदाहरण कल्पूं या. जळगांवच्या औद्योगिक वसाहतींत एका गृहस्थाचा दाळीचा कारखाना आहे. कचेरींत तीन-चार संगणक, कोपऱ्यांत इंटरनेटचा राउटर, भिंतींवर कॅमेरे, छपरावर सौरऊर्जेचीं पॅनेलें आणि आंत रंगावरून दाळ निवडणारें यंत्र आहे. मालकाला विचारलें, "बाहेरून तुमच्या जाळ्यांत येण्याच्या वाटा किती?" तर तो सहज म्हणेल, "एकच. आमचे करसल्लागार धुळ्याहून हिशेब पाहतात, तेवढीच." परंतु नीट मोजदाद केली तर निराळेंच चित्र दिसतें. मालकाला मोबाइलवर कारखाना दिसावा म्हणून कॅमेरे बसविणाऱ्यानें दुसरी वाट उघडलेली असते. यंत्राच्या विक्रेत्यानें दूरवरून दुरुस्ती करतां यावी म्हणून तिसरी ठेवलेली असते. रोज किती वीज निर्माण झाली, हें सौरऊर्जेचा इन्व्हर्टर आपल्या कंपनीच्या संगणकाला कळवीत असतो, ती चौथी. आणि दोन वर्षांपूर्वीं नोकरी सोडून गेलेल्या कारकुनानें टाळेबंदीच्या दिवसांत घरून काम करण्यासाठीं एक प्रोग्राम घातला होता, तो तसाच चालूं आहे, ही पांचवी. ह्यांत कोणाचाहि दुष्ट हेतु नव्हता. प्रत्येकानें आपल्यापुरती सोय पाहिली. परंतु पांचांपैकीं चार वाटांची नोंद कोणाच्याच वहींत नाहीं, हें ह्या कारखान्याचें खरें दुखणें आहे.

दूरप्रवेशाची कल्पना संगणकजाळ्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेंत पहिलें जाळें उभें राहिलें त्याच १९६९ सालीं टेलनेट ह्या पद्धतीचा उगम झाला. तींत एक उणीव होती. पासवर्डासह सर्व मजकूर उघड्या पत्रासारखा तारेवरून जाई. वाटेंत बसलेल्या कोणालाहि तो वाचतां येई. पुढें १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हां तातु युलोनेन ह्या संशोधकानें सर्व मजकूर सांकेतिक करून पाठविणारी एसएसएच ही पद्धति रचली. दुसऱ्या संगणकाचा पडदाच आपल्या पडद्यावर दाखविणाऱ्या व्हीएनसी आणि रिमोट डेस्कटॉप ह्या सोयी १९९० नंतरच्या दशकांतल्या. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली आणि कचेऱ्या रातोरात घरांत हलल्या, तेव्हां ह्याच सोयींनीं हजारों व्यवसाय तगविले. म्हणून त्यांस सरसकट शत्रु मानणें बरोबर होणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, त्या घाईंत उघडलेलीं दारें पुढें बंद झालीं किंवा नाहींत.

विसरलेल्या दाराची किंमत किती पडूं शकते, ह्याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. मे २०२१ मध्यें कोलोनियल पाइपलाइन ह्या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांनीं हल्ला केला आणि पूर्व किनाऱ्याला इंधन पुरविणारी तिची वाहिनी कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. पंपांपुढें रांगा लागल्या. हल्लेखोर शिरले ते दूरप्रवेशाच्या एका जुन्या खात्यांतून. तें खातें वापरांत नसावें अशीच समजूत होती. परंतु तें बंद केलेलें नव्हतें आणि त्याला केवळ एका पासवर्डाचें कुलूप होतें. कंपनीनें सुमारें ४४ लाख डॉलर खंडणी दिली. त्यांतील मोठा भाग सरकारी तपासयंत्रणेनें पुढें परत मिळविला.

दुसरें उदाहरण घराघरांतल्या वस्तूंचें आहे. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या विषारी प्रोग्रामानें जगभरचे कॅमेरे आणि राउटर हुडकून काढले. त्याची युक्ति अगदीं साधी होती. टेलनेटचें दार उघडें दिसलें कीं, कारखान्यांतून माल निघतांना त्यांत घातलेल्या नेहमींच्या नांव-पासवर्डांच्या सुमारें ६० जोड्यांपैकीं एखादी लागू पडते कीं काय, हें तो पाही. मालकांनीं ते पासवर्ड बदललेलेच नसल्यामुळें लक्षावधि उपकरणें त्याच्या ताब्यांत गेलीं, आणि त्यांच्या एकत्रित माऱ्यानें २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अमेरिकेंत अनेक मोठीं संकेतस्थळें कित्येक तास दुर्गम झालीं. आपल्या भिंतीवरचा कॅमेरा ह्या दंग्यांत सामील आहे, ह्याची त्याच्या मालकाला कल्पनाहि नव्हती.

जवळचें पाहूं गेल्यास पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ ह्या दिवसांत पडलेला दरोडा आठवतो. सुमारें ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं पैसा काढला गेला. बँकेच्या जाळ्यांत विषारी प्रोग्राम शिरवून पैसे देण्यास परवानगी देणारा एक खोटा मध्यस्थ उभा केल्याचें तपासांत निष्पन्न झालें. तिजोरीला कोणीं हात लावला नाहीं. आपल्या जाळ्यांत कोण कोणाशीं बोलत आहे, ह्याची पक्की यादी ठेवणें का अगत्याचें आहे, तें ह्यावरून कळतें. खानदेशांतील सहकारी बँका, पतसंस्था, जळगांवचा सराफ बाजार ह्यांस ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं.

आतां ह्या वाटा शोधावयाच्या कशा? त्यासाठीं संगणकाचीं दारें म्हणजे काय, हें प्रथम समजून घ्यावें. जाळ्यावरील प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर १ पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांचीं दारें कल्पिलेलीं असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. बहुतेक दारें बंदच असतात. एखादी सेवा चालूं झाली कीं ती आपल्या क्रमांकाच्या दाराशीं कान लावून बसते. एसएसएचचा नेहमींचा क्रमांक २२, टेलनेटचा २३, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि व्हीएनसीचा ५९००.

दार उघडें आहे कीं नाहीं हें ठोठावून कळतें. ठोठावणारा संगणक "बोलूं का?" अशा अर्थाचा एक लहानसा संदेश धाडतो. त्याला तीन प्रकारचे अनुभव येतात. "बोला" असें उत्तर आलें तर दार उघडें असून आंत कोणी तरी बसलेलें आहे. "येथें कोणी नाहीं" असें तात्काळ उत्तर आलें तर संगणक चालूं आहे, पण त्या दारामागें सेवा नाहीं. आणि कांहींच उत्तर आलें नाहीं तर मध्यें फायरवॉल उभी असून ती संदेश गिळून टाकते आहे, असें अनुमान निघतें; अर्थात् संगणकच बंद असण्याचाहि संभव असतो. हें काम हजारों दारांवर झपाट्यानें करणारीं साधनें आहेत. त्यांतील एनमॅप हें सर्वांत प्रसिद्ध. तें १९९७ सालीं प्रथम प्रकाशित झालें आणि विनामूल्य मिळतें.

परंतु केवळ क्रमांकावर विसंबणें धोक्याचें आहे. कित्येक जण ३३८९ चा क्रमांक बदलून दुसराच ठेवतात आणि आपलें दार आतां कोणास सांपडणार नाहीं अशा समाधानांत राहतात. घरावरची पाटी काढली म्हणून घर नाहींसें होत नाहीं. प्रत्येक सेवेची बोलण्याची एक ढब असते. एसएसएचचें दार ठोठावलें कीं ती सेवा आपण होऊन आपलें नांव व आवृत्ति सांगते. व्हीएनसीहि तसेंच करते. रिमोट डेस्कटॉप मात्र अबोल पाहुण्यासारखा गप्प बसतो. समोरच्यानें योग्य रीतीनें पहिला शब्द उच्चारला म्हणजेच तो उत्तर देतो. खानदेशांतल्या बाजारांत दोन वाक्यांवरून माणूस अहिराणी मुलुखांतला कीं वऱ्हाडांतला, हें जाणत्याला ओळखतां येतें. त्याचप्रमाणें शोधक साधन दाराशीं दोन शब्द बोलून आंत कोणती सेवा आहे तें ओळखतें. हीच पारख हल्लेखोरांजवळहि असते. सेवेची आवृत्ति कळली कीं तिच्यांतलीं ज्ञात छिद्रेंहि कळतात. मे २०१९ मध्यें विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतील रिमोट डेस्कटॉपमध्यें 'ब्लूकीप' नांवाचा एवढा गंभीर दोष उघडकीस आला कीं, विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें कित्येक वर्षांपूर्वीं थांबविली असूनहि तिच्यासाठीं दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. ह्या दोषाला पासवर्डाचीहि गरज नव्हती. दार उघडें असणें पुरेसें होतें.

येथपर्यंतचा विचार आंत येणाऱ्या वाटांचा झाला. ह्याहून अवघड प्रकार पुढेंच आहे. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारखे प्रोग्राम बहुधा बाहेरच्या कोणी ठोठावण्याची वाटच पाहत नाहींत. आंतला संगणक स्वतः बाहेर जाऊन त्या कंपनीच्या मध्यवर्ती संगणकाशीं संधान बांधतो, आणि बाहेरचा माणूसहि तेथेंच येऊन भेटतो. ही वाट आंतून बाहेर उघडलेली असल्यामुळें फायरवॉलला ती संकेतस्थळ पाहण्यासारखीच निरुपद्रवी दिसते. बाहेरून सर्व ६५,५३५ दारें ठोठावलीं तरी तिचा मागमूस लागत नाहीं. बऱ्हाणपुराजवळचा असीरगड अकबराच्या हातीं १६०१ सालीं आला, तो प्रदीर्घ वेढ्यानंतर. आणि त्या वेळीं किल्ल्यांतील सरदारांस द्रव्य देऊन वश केल्याचेंहि एक जुनें कथन आहे. दारावरचा पहारेकरी येणाऱ्यांस अडवितो. आंतून संधान बांधणाऱ्यास पकडावयाचें तर घरांतच पहावें लागतें.

तें पाहण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, प्रत्येक संगणकावर कोणते प्रोग्राम घातले आहेत आणि संगणक सुरू होतांच त्यांतील कोणते आपोआप जागे होतात, हें तपासणें. दुसरा, संगणक कोणकोणत्या नांवांची चौकशी करतो तें पाहणें. कोणत्याहि संकेतस्थळाकडे जाण्यापूर्वीं संगणकाला त्या नांवाचा पत्ता विचारावा लागतो. ह्या विचारणांची नोंद राउटरवर किंवा फायरवॉलवर ठेवतां येते. दाळ-कारखान्याचा हिशेबाचा संगणक रात्रीं दोन वाजतां दूरप्रवेश पुरविणाऱ्या कंपनीचा पत्ता विचारीत असेल, तर त्याचें कारण मालकाला ठाऊक असलें पाहिजे. तिसरा मार्ग, प्रवेशाच्या नोंदी वाचणें. विंडोज आपल्या दप्तरांत फसलेल्या प्रवेशाची नोंद ४६२५ ह्या क्रमांकानें आणि सफल प्रवेशाची ४६२४ ह्या क्रमांकानें करतें. एकाच रात्रीं शेंकडों ४६२५ आणि अखेरीस एक ४६२४ दिसली, तर बहुधा कोणी तरी कुलपाला किल्ल्या लावून पाहत होतें आणि शेवटीं एक लागली.

मोजदादीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा. आरंभीं जाळ्यावरील सर्व उपकरणांची यादी राउटरवरून काढावी आणि प्रत्येक उपकरणासमोर त्याच्या जबाबदार माणसाचें नांव लिहावें. ज्यासमोर नांव लिहितां येत नाहीं, तें उपकरण संशयित. नंतर जाळ्याच्या आंत राहून प्रत्येक पत्त्याचीं दारें तपासावीं. मग बाहेरच्या दुसऱ्या इंटरनेट जोडणीवरून आपल्याच सार्वजनिक पत्त्याची तशीच तपासणी करावी. कारण आंतून दिसणारें आणि बाहेरून दिसणारें घर सारखें नसतें. येथें एक बारकावा आहे. हल्लीं पुष्कळ घरगुती जोडण्यांत अनेक ग्राहकांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो. अशा वेळीं बाहेरून केलेली तपासणी आपल्या घरापर्यंत पोंचतच नाहीं, आणि दारें बंद दिसलीं तरी त्यावरून निश्चिंत होतां येत नाहीं. शिवाय पत्त्यांची नवी पद्धति, आयपीव्ही-६, चालूं असल्यास प्रत्येक उपकरणाला निराळा पत्ता मिळूं शकतो, तोहि तपासावा. राउटरमध्यें यूपीएनपी नांवाची एक सोय असते, तिच्यामुळें कॅमेऱ्यासारखें उपकरण मालकाला न विचारतां स्वतःसाठीं दार उघडून घेऊं शकतें. गरज नसल्यास ती बंद ठेवणेंच बरें.

दोन गोष्टींचें भान मात्र राखिलें पाहिजे. एक कायद्याचें. ठोठावून पाहणें तें आपल्याच जाळ्यावर, अथवा मालकाच्या लेखी परवानगीनेंच. परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत प्रवेश करणें हें माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३ व ६६ ह्या कलमांखालीं येतें. कुतूहल होतें ही सबब तेथें चालत नाहीं. दुसरें भान यंत्रांचें. कारखान्यांतील जुने नियंत्रक अनपेक्षित संदेशांच्या भडिमारानें गोंधळून थांबूं शकतात. केळीच्या बागेंतील स्वयंचलित ठिबक असो, सूतगिरणी असो कीं वीजकेंद्र असो, चालूं यंत्रावर घाईनें तपासणी करूं नये. यंत्र बंद असतांना आणि तें जाणणारा माणूस जवळ असतांनाच करावी.

वाट सांपडली म्हणजे काय करावें? ज्या वाटेचें काम उरलें नाहीं ती त्याच दिवशीं बंद करावी. जिचें काम आहे ती थेट इंटरनेटवर उघडी ठेवूं नये. व्हीपीएनच्या एकाच पक्क्या दरवाजांतून तिच्याकडे जाण्याची व्यवस्था करावी आणि त्या दरवाजाला पासवर्डाखेरीज मोबाइलवरील दुसरी खूणहि लावावी. विक्रेत्याला दुरुस्तीपुरतें दार उघडून द्यावें आणि काम होतांच लावून घ्यावें. वर्षभर तें सताड ठेवण्याचें कारण नाहीं. माणूस नोकरी सोडून गेला कीं त्याचें खातें त्याच सायंकाळीं बंद व्हावें. संस्थांना तर कायद्याचीहि आठवण ठेवावी लागते. सर्ट-इन ह्या केंद्रीय संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशाप्रमाणें अनधिकृत प्रवेशासारख्या घटनेची खबर ती लक्षांत आल्यापासून ६ तासांच्या आंत द्यावी लागते आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. ज्यानें नोंदीच ठेविल्या नाहींत, त्याला चोर केव्हां आला हेंहि सांगतां येत नाहीं.

ह्या सर्व प्रकरणांत घरांतील वडीलधाऱ्या माणसांचा विषय वेगळा काढून सांगण्याजोगा आहे. त्यांच्या बाबतींत दार शोधावें लागत नाहीं. तें त्यांच्याच हातून उघडविलें जातें. "बँकेंतून बोलतों, आपलें खातें बंद पडणार आहे" असें सांगून फोनवरचा मनुष्य मोबाइलमध्यें एक प्रोग्राम घालावयास लावतो आणि पडद्यावर दिसणारा अंक विचारून घेतो. तो अंक म्हणजे घराची किल्ली. त्यापुढें मोबाइलचा सर्व पडदा त्या माणसाला दिसतो. बँकेनें पाठविलेला गुप्त अंकहि दिसतो. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें ह्याच प्रकाराविषयीं बँकांस सावध केलें होतें. प्रोग्राम वाईट नसतो. त्याचा अंक कोणाला दिला हें महत्त्वाचें. म्हणून घरांतील तरुणांनीं महिन्यांतून एकदां आजी-आजोबांच्या, काका-मावशींच्या शेजारीं बसून त्यांच्या मोबाइलमध्यें असा प्रोग्राम आहे काय तें पहावें, आणि तें रागें न भरतां पहावें. फसलेला मनुष्य लाजेनें गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यांतच वेळ जातो. पैसे गेल्याचें कळतांच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

दाळ-कारखान्याच्या त्या मालकाकडे पुन्हा वळूं. दिवाळींत तो वहीपूजन करतो. जुन्या वहीची बाकी नव्या वहींत ओढली जाते, येणें किती, देणें किती, हें पैपर्यंत ताडून पाहिलें जातें. त्याच वेळीं एक पान ह्या वाटांसाठीं राखून ठेवण्यास हरकत नसावी. वाट कोणती, कोणासाठीं उघडली, तिची किल्ली कोणाजवळ आहे आणि ती केव्हां बंद व्हावयाची, असे चार रकाने पुरेत. पहिल्या वर्षीं त्या पानावर पांच ओळी येतील आणि त्यांतील तीन खोडाव्या लागतील. करसल्लागारांची वाट राहील, पण ती व्हीपीएनमधून. कॅमेऱ्यांची राहील, पण नव्या पासवर्डानें. बाकीच्या तीन त्यानें स्वतः बसून बंद कराव्या; आणि यंत्राचा विक्रेता फोन करील, तेव्हां त्याची वाट कामापुरती पुन्हा उघडावी.